हक्क जन्मसिद्ध, निधी अटीसिद्ध

मानवी हक्क मिळवायला पात्रता फार कमी लागते. जन्माला यावं लागतं, बस्स. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात तीस कलमं आहेत, पण पॅन नंबर, नोंदणीचा दाखला, गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद यांतलं एकही कुठे मागितलेलं नाही. पहिल्या कलमाच्या मसुद्यात मात्र बायका बाहेर राहतील अशी शब्दरचना होती. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता, म्हणजे मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या बाई, यांनी आग्रह धरून ती बदलून घेतली आणि एका दुरुस्तीत जगातली निम्मी लोकसंख्या पात्र ठरली. पात्रतेची अट शिथिल झाल्याचं एवढं मोठं उदाहरण त्यानंतर माझ्या तरी पाहण्यात नाही.

कारण हेच हक्क लोकांना समजावून सांगायचे, ते मोडले गेले तर तक्रार लिहायची, साक्षीदाराला एसटीने तालुक्याच्या कोर्टात न्यायचं आणि संध्याकाळी तो उलटला नाही ना हे बघत घरी पोचवायचं, असलं काम तुम्हाला करायचं असेल आणि त्यासाठी कुणाकडे निधी मागायचा असेल, तर नुसतं स्वतः जन्माला येऊन भागत नाही. संस्थेला जन्माला घालावं लागतं.

महाराष्ट्रात संस्था बहुधा दोनदा जन्मते. एकदा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, आणि पाठोपाठ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. त्यासाठी सात माणसं लागतात. या सातांची रचना सगळीकडे सारखीच असते: काम करणारी एक, सही करणारे दोन आणि 'माझं नाव घाला, पण मीटिंगला बोलावू नका' म्हणणारे चार. पुढे त्यांतलं कुणी राजीनामा दिला किंवा वारलं, तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. संस्थेने तो नव्वद दिवसांत द्यायचा असतो. तो किती दिवसांत मंजूर होईल याची चौकशी सहसा कुणी दोनदा करत नाही. त्यामुळे अनेक संस्थांच्या 'शेड्यूल वन'च्या उताऱ्यावर वर्षश्राद्ध झालेले खजिनदार अजून पदावर असतात. फंडर विचारतो, 'विद्यमान पदाधिकाऱ्यांचे आधार कार्ड जोडा.' आधार कार्ड असतं. पदाधिकारी नसतो.

यानंतर करसवलतीसाठी बारा-ए आणि ऐंशी-जी, नीती आयोगाच्या 'दर्पण'वरचा नंबर आणि कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-१. एवढे आकडे आणि अक्षरं पाठ झाली की कार्यकर्त्याचा 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' होतो.

माझा या साऱ्याशी संबंध इतकाच, की माझं इंग्रजी बरं आहे अशी काही संस्थांची समजूत आहे. त्यामुळे 'सर, जरा फॉर्म बघता का' असे फोन येतात. असाच एक फोन बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचा आला. ताईंची संस्था ऊसतोड मजुरांत काम करते. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नाही म्हणून अडवून ठेवलेलं कुटुंब सोडवून आणणं, बुडवलेल्या मजुरीचा अर्ज कामगार अधिकाऱ्याकडे देणं, फडावर बाळंत झालेल्या बाईला दवाखान्यात नेणं, हे त्यांचं रोजचं काम. हे सगळं आजवर त्यांनी वर्गणी, उसनवारी आणि दादागिरी या तीन स्रोतांतून केलं. आता कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की याला मानवी हक्कांचं काम म्हणतात आणि यासाठी पैसे मिळतात. पहिली गोष्ट ऐकून त्यांना नवल वाटलं. दुसरी ऐकून त्यांनी मला फोन केला.

आम्ही सुरुवात घरच्या दात्यांपासून केली. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चावे लागतात. कशावर खर्चायचे, याची यादी सातव्या परिशिष्टात आहे. भूक, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, वारसा, खेळ, माजी सैनिक, झोपडपट्टी विकास, सगळं आहे. मानवी हक्क हे दोन शब्द मात्र त्यात नाहीत. आडून, समानतेच्या वाटेने आत शिरता येतं, पण कंपनीच्या सीएसआर विभागातल्या तरुण साहेबांची अडचण वेगळीच होती. ते म्हणाले, "मॅडम, काम ग्रेट आहे. पण यात दाखवायला काय आहे?" शाळेचं स्वच्छतागृह दाखवता येतं. बाकावर लोगो रंगवता येतो. पाण्याच्या टाकीपुढे उभं राहून फीत कापता येते. मजुराने मुकादमाकडे हिशेब मागितला, याची फीत कुठे बांधायची? ताईंनी शेवटी विचारलं, "हिशेब मागायच्या वेळी तुमचा टी-शर्ट घालायला सांगू का त्याला?" साहेबांनी खरोखरच थोडा विचार केला.

मग परदेशी निधी. त्याच्या कायद्याचं नाव एफसीआरए. हा कायदा पहिल्यांदा झाला १९७६ साली, आणीबाणीत. गंमत अशी, की वेठबिगारी रद्द करणारा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणजे मजुराला सावकाराच्या पैशापासून आणि संस्थेला परदेशी पैशापासून वाचवण्याची व्यवस्था सरकारने एकाच वर्षी केली. दोहोंपैकी कोणत्या कायद्याची अंमलबजावणी जास्त चोख झाली, हे उसाच्या फडावर जाऊन विचारावं.

पुढे २०१० साली नवा कायदा आला आणि २०२० साली त्यात दुरुस्त्या झाल्या. आता नोंदणी हवी असेल तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. मी हे वाचून दाखवलं तेव्हा ताई म्हणाल्या, "सर, पंधरा लाख असते तर मी ह्यांच्या दारात कशाला आले असते?" प्रश्न बिनतोड होता, पण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

कायद्याने दुसरी वाटही ठेवली आहे. नोंदणी नसेल तर एका ठरावीक कामासाठी, ठरावीक दात्याकडून, ठरावीक रकमेची पूर्वपरवानगी मागता येते. त्यासाठी दात्याचं लेखी आश्वासन जोडायचं. आम्ही एका परदेशी दात्याला लिहिलं. दात्याचं उत्तर सौजन्याने भरलेलं होतं: आपले कार्य आम्हाला भावले, सरकारी परवानगीची प्रत पाठवताच आम्ही आश्वासनाचे पत्र देऊ. सरकार पत्राची वाट बघतं, दाता परवानगीची वाट बघतो, आणि दोघेही नियमाला धरून असतात.

या कायद्यात परदेशी निधी घेता येण्याजोग्या कार्यक्रमांचे पाच प्रकार आहेत: सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक आणि सामाजिक. मानवी हक्क असा वेगळा प्रकार इथेही नाही. कुठे खूण करायची यावर आमची बरीच चर्चा झाली. उचल फेडून घेण्यासाठी माणसाला डांबलं, हे आर्थिक. त्याच्या बायकोला लोकांदेखत शिव्या दिल्या, हे सामाजिक. पोरांची शाळा सुटली, हे शैक्षणिक. आणि हे सगळं आपल्या नशिबात होतं असं म्हणून तो गप्प बसला, हे अर्धं धार्मिक, अर्धं सांस्कृतिक. अखेर 'सामाजिक'वर खूण केली, कारण सीए म्हणाले, "धार्मिक सोडून काहीही करा, मला परत ऑडिटला यायचंय."

सर्वांत वाचनीय भाग मात्र नियमांतला. २०११ च्या नियमांत 'राजकीय स्वरूपाची संस्था' कोणती, हे सांगताना सार्वजनिक प्रश्नासाठी नेहमी बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको आणि जेल भरो करणाऱ्या संस्था त्यात धरल्या होत्या. भारत सरकारच्या राजपत्राच्या इंग्रजी मजकुरात हे शब्द जसेच्या तसे आहेत. आपल्या चळवळींनी इंग्रजीला एवढी तरी देणगी दिली, आणि तीही परवानगीशिवाय. पुढे मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की राजकीय उद्देश नसताना जनतेच्या प्रश्नासाठी असं आंदोलन करणाऱ्या संस्थेला या नियमाखाली अडवता येणार नाही. निकाल ऐकून ताईंना हायसं वाटलं. त्यांच्या जुन्या फायलीत रास्ता रोकोचे फोटो इतके होते, की ते वगळले असते तर अहवालाला नुसतं मुखपृष्ठ उरलं असतं.

समजा, नोंदणी झाली. तरी पैसा थेट बीडला येत नाही. २०२० पासून परदेशी निधी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेचं खातं दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच असावं लागतं. त्यासाठी दिल्लीला जायला लागत नाही, जवळच्या शाखेतून अर्ज करता येतो. पण पैसा जिनिव्हाहून निघो की ओस्लोहून, तो आधी संसद मार्गावर उतरतो, हजेरी लावतो आणि मग बीडच्या रस्त्याला लागतो. त्यातला फार तर २० टक्के प्रशासनावर खर्च करता येतो. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. हक्कांच्या कामात सिमेंट, विटा काही लागत नाहीत. माणसं लागतात, आणि माणसांना चालावं लागतं. मग कोणाचा पगार 'काम' आणि कोणाचा 'प्रशासन', यावर सीए आणि ताई यांच्यात जे संवाद झाले ते लिहून ठेवले असते तर संगीत नाटक झालं असतं.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्यात विनोद शोधूनही सापडत नाही. पूर्वी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला वाटा लहान नोंदणीकृत संस्थेला देऊ शकत असे. शहरातले इंग्रजी लिहीत, गावातले काम करत, आणि दोघांचं भागत असे. आता तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ज्यांना फॉर्म भरता येतो आणि ज्यांना काम येतं, त्यांच्यातला पूलच काढून घेतला गेला.

उरली संयुक्त राष्ट्रं. ती आणि त्यांच्या विशेष संस्था या कायद्याच्या व्याख्येत 'परदेशी स्रोत' धरल्या जात नाहीत, हे कळल्यावर आमच्या आशा पालवल्या. तिथे छळ झालेल्यांसाठी १९८१ पासून निधी आहे. आधुनिक गुलामगिरीच्या बळींसाठी १९९१ पासून आहे. २००५ साली लोकशाही निधी स्थापन झाला, त्यात भारत सुरुवातीच्या मोठ्या देणगीदारांपैकी होता. हे ऐकून ताईंना आपल्याच घरच्या पैशाला हात लावत असल्यासारखं वाटलं. अडचण एवढीच, की लोकशाही निधीला अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लागतो. ताईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, "सर, फ्रेंचमधून भरणारे कमी असतील ना आपल्याकडून?"

शेवटी देशातच एक दाता भेटला, त्याचा फॉर्म आला, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसलो.

पहिली अट: संस्थेला याच प्रकारचा आणि साधारण एवढ्याच रकमेचा प्रकल्प राबवल्याचा तीन वर्षांचा अनुभव असावा. म्हणजे नवी सून हवी, पण तीन वर्षांच्या संसाराचा अनुभव आणि मागच्या सासूचं शिफारसपत्र सोबत जोडावं.

दुसरा रकाना लाभार्थ्यांचा. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो आणि एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. ताईंच्या वहीतही सवयीने तशीच नोंद होती: अमुक गाव, साडेसदतीस कोयते. फॉर्ममध्ये अर्धा लाभार्थी बसत नव्हता. तिथे पुरुष किती, स्त्रिया किती, असं वेगवेगळं विचारलं होतं. वही पुढे ओढून ताईंनी नव्याने मोजदाद सुरू केली आणि अर्ध्या तासाने म्हणाल्या, "एवढ्या बायका आपल्या यादीत पहिल्यांदाच आल्या हो." या फॉर्मची मी कितीही टवाळी केली, तरी हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे. मुकादमाला जे जमलं नाही ते त्याने केलं, बाईला अख्खं माणूस धरलं.

मात्र लगेच खाली 'अप्रत्यक्ष लाभार्थी' आले. प्रत्यक्ष तीनशे असतील तर अप्रत्यक्ष किती, याचं शास्त्र या क्षेत्रातल्या जाणत्यांना ठाऊक आहे. प्रत्यक्षाला पाचने गुणायचं, कुटुंब म्हणून. मग गावाची लोकसंख्या मिळवायची, वातावरण बदलतं म्हणून. मग पत्रक वाटणार असाल तर तालुका. एका प्रस्तावात मी अप्रत्यक्ष लाभार्थ्यांची संख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येपेक्षा जास्त पाहिली आहे. तो मंजूर झाला होता.

मग आली लॉगफ्रेम. सोळा घरांचा हा तक्ता १९६९ साली अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी तयार करण्यात आला. उभ्या घरांत उद्दिष्ट, हेतू, फलित, कृती. आडव्या घरांत निर्देशक, पडताळणीचं साधन, गृहीतकं. जगातला कुठलाही अन्याय यात बसतो, फक्त त्याला आकडा लावावा लागतो. आम्ही लिहिलं, 'मजुरांमधील भीती कमी होणे.' निर्देशक काय? किती टक्के? ताई म्हणाल्या, "पूर्वी मुकादमाच्या घरी गेलं की आमची बाई उंबऱ्याबाहेर उभी राहायची. आता खुर्ची ओढून बसते." इतका नेमका निर्देशक मी कुठल्या हस्तपुस्तिकेत वाचलेला नाही. पण पडताळणीचं साधन म्हणून काय जोडणार? हजेरीपत्रकात खुर्चीचा रकाना नसतो. मी मुकाट्याने 'आत्मविश्वासात ४० टक्के वाढ, प्रश्नावलीद्वारे' असं टाइप केलं. जाता जाता सांगायचं म्हणजे, ज्या यूएसएडसाठी हा तक्ता जन्मला तिचं मदतीचं काम १ जुलै २०२५ पासून बंद झालं. तक्ता सुखरूप आहे.

जोखमीच्या तक्त्यात प्रत्येक धोक्याची शक्यता आणि परिणाम लिहून त्यावर उपाय सुचवायचा असतो. ताईंनी धोका सांगितला, "रात्री घरी माणसं पाठवतात." मी लिहिलं: शक्यता जास्त, परिणाम मध्यम, उपाय क्षमतावर्धन कार्यशाळा. वाचून दाखवलं तेव्हा ताईंनी एवढंच विचारलं, की ती कार्यशाळा आपली की त्या माणसांची.

'निधी संपल्यावर काम कसे चालू राहील?' या प्रश्नावर ताईंचं उत्तर तयार होतं: "निधी नव्हता तेव्हा चालत होतं तसं." सगळ्या फॉर्ममधलं हे एकमेव पूर्ण सत्य होतं. ते काढून मी तिथे समुदायाची मालकी, स्थानिक संसाधनं आणि अभिसरण यांवर दोन पानं लिहिली.

एका जोडपत्रात ठळक अक्षरांत बजावलं होतं, की पीडितांची ओळख काटेकोरपणे गोपनीय ठेवावी. पुढच्या जोडपत्रात लाभार्थ्यांची नावं, मोबाईल नंबर, सह्या आणि जागेची नोंद असलेले फोटो मागितले होते. दोन्ही जोडपत्रं बहुधा वेगवेगळ्या मजल्यांवर तयार होत असावीत. ताईंनी तोडगा काढला. सगळ्या बैठकांचे फोटो पाठमोरे. ते पाहून कुणालाही वाटावं, की ताई बोलायला उभ्या राहिल्या की लोक उठून चालायला लागतात.

प्रकल्प मंजूर झाला, तो नोव्हेंबरपासून. पहिल्या तिमाहीत करायचं होतं घरोघरचं पायाभूत सर्वेक्षण. दिवाळीच्या आगेमागे ही गावं मोकळी होतात. कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात आणि घरी उरतात म्हातारी माणसं, काही पोरं आणि कुलपं. हे कळवल्यावर दात्याकडून उत्तर आलं, की 'लाभार्थी उपलब्ध नसणे' ही बाब जोखमीच्या तक्त्यात आधी का नमूद केली नाही? खरं तर लाभार्थी उपलब्ध नसणे हाच प्रकल्पाचा विषय होता. पण तेवढ्यासाठी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागली असती.

खर्चाच्या पावत्यांबद्दल वेगळं पुस्तक होईल. काळी-पिवळी जीपमध्ये बोनेटवर बसणं तेवढं बाकी ठेवून चौदा माणसं जातात, त्या प्रवासाचं जीएसटी बिल कुठून आणायचं? ताईंनी व्हाउचरवर ड्रायव्हरची सही मागितली. त्याने सहीच्या जागी मोबाईल नंबर लिहिला आणि खाली टीप दिली, 'परत लागली तर फोन करणे.' हिशेब तपासनिसांनी त्यावर लाल शाईने गोल केला. मला विचाराल तर त्या फायलीतला तो सर्वांत प्रामाणिक कागद होता.

हे सगळं चालू असताना माझ्या डोक्यात महाड घोळत होतं. १९२७ च्या मार्चमधली १९ आणि २० तारीख, कुलाबा जिल्ह्यातली परिषद आणि चवदार तळ्याच्या पाण्यासाठीचा सत्याग्रह. समजा, या सत्याग्रहासाठी आजच्या नियमांनी अर्ज गेला असता तर? अर्जदार बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना २० जुलै १९२४ ची. म्हणजे तीन वर्षांना चार महिने कमी. अर्ज पहिल्याच चाळणीत बाद. शासकीय धोरणाशी सुसंगती या सदरात मात्र पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, कारण सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं होतं. मग तपासनिसाने विचारलं असतं, तळं खुलं झालेलं असताना प्रकल्पाची गरज काय?

परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, असं नोंदवलं गेलं आहे. त्याची तीन कोटेशनं कुठे आहेत? सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराला डावलून जास्त दराने पाणी का घेतलं? सर्वांत कमी दराचा पुरवठादार तळंच होतं आणि भांडण त्याचंच होतं, हे उत्तर फॉर्ममध्ये दोनशे शब्दांत बसवावं लागलं असतं. निर्देशक: किती जणांनी पाणी प्यायलं, सरासरी किती मिलिलीटर. प्रकल्पाचा कालावधी बारा महिने. प्रत्यक्षात तळ्याच्या हक्काचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघाला १९३७ साली. दहा वर्षांची विनाखर्च मुदतवाढ कुठल्या दात्याने दिली असती? आणि 'नावीन्य' या सदरात कुणीतरी शेरा मारला असता: ओंजळीने पाणी पिणे, यात नवीन काही आढळत नाही.

आता दुसरी बाजू. अटी करणारे लोक काही दुष्ट नसतात. गावोगावी पांढऱ्या गाडीच्या पुढच्या काचेवर लाल अक्षरांत 'मानवाधिकार' लिहून हिंडणारे जिल्हाध्यक्ष आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांचं ओळखपत्र पोलिसांच्या ओळखपत्रापेक्षा रुबाबदार असतं आणि त्यांनी ते फक्त टोलनाक्यावर दाखवलेलं असतं. पैसे देणाऱ्याने हिशेब मागावा, विश्वस्त खरे आहेत का बघावं, ऑडिट तपासावं, यात गैर काही नाही. लोकांच्या नावाने आणलेला पैसा लोकांपर्यंत पोचला का, हा प्रश्नसुद्धा मानवी हक्कांतच मोडतो.

माझी तक्रार एवढीच आहे, की या चाळणीची भोकं उलटी पडली आहेत. बारीक कण अडकतात, खडे निसटतात. काचेवर लाल अक्षरं लिहिणाऱ्या जिल्हाध्यक्षाकडे सगळे कागद असतात, कारण कागद करणं हाच त्याचा व्यवसाय आहे. ताईंकडे कागद नसतात, कारण त्या वेळी त्या कुणाला तरी सोडवून आणायला गेलेल्या असतात. अत्याचार जिथे होतो तिथून दात्याचं कार्यालय जितकं लांब, तितकी पात्रता वाढत जाते. शहरात वातानुकूलित खोलीत बसून ऊसतोड मजुरांवर परिसंवाद घेणारी संस्था सगळ्या अटींत बसते. मजूर फडावरून फोन करतो तो मात्र पात्रतेत न बसणाऱ्या नंबरवर.

त्यामुळे माझं मत साधं आहे. दात्यांनी संस्थेचं वय विचारावंच, पण पहिली रक्कम लहान ठेवून अनुभव नसलेल्यालाही द्यावी. अनुभव त्यातूनच येतो. अर्ज मराठीत घ्यावेत. महाराष्ट्रातल्या मजुराची अडचण इंग्रजीत गेली की ती कमी होत नाही, फक्त सुंदर होते. दोन दिवस गावात येऊन राहावं आणि रात्री अकराला फोन आल्यावर कोण उठतं ते बघावं. सोळा घरांच्या तक्त्यापेक्षा ही पडताळणी स्वस्त पडेल. आणि काळी-पिवळीचं व्हाउचर मान्य करावं, मोबाईल नंबरसकट.

वाचकांसाठी त्याहून सोपं काम आहे. तुम्हाला एफसीआरए लागत नाही, लॉगफ्रेम लागत नाही, संसद मार्गावर खातं तर नाहीच लागत. तुमच्या तालुक्यातही अशा एखाद्या ताई किंवा दादा असतीलच. नाव विचारायला पोलीस ठाण्यात जा, तिथे त्यांच्याविषयी सगळे वैतागून बोलत असतील. त्यांना जमेल तेवढे पैसे द्या. ऐंशी-जीची करसवलत हवी असेल तर दोन हजारांपर्यंत रोख चालते, त्यावरची रक्कम बँकेतून द्यावी लागते, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ती सवलत मुळातच मिळत नाही, तेव्हा ती काळजीही मिटली. पैसे द्या, पावती घ्या, आणि कृपा करून फोटो मागू नका.